कृष्णपुरा आणि रेषेतील देव

इंदूर शहरात राजवाड्याकडून नदीच्या दिशेने चालू लागले की थोड्याच अंतरावर कृष्णपुऱ्याचा पूल लागतो, आणि कान्ह नदीच्या काठी होळकर घराण्याच्या छत्र्यांची शिखरे दृष्टीस पडतात. मृत राजपुरुषांच्या स्मरणार्थ उभारलेल्या या वास्तू दुरून पाहणाऱ्यास देवालयेच वाटतात. त्यांतील एक छत्री कृष्णाबाई होळकरांची आहे. तिसऱ्या मल्हाररावांच्या या मातोश्रींनी 1832 साली राजवाड्याजवळ गोपाळ मंदिर बांधविले, आणि 1849 मध्ये त्यांचे देहावसान झाले. शेजारीच दुसऱ्या तुकोजीरावांचे व शिवाजीरावांचे स्मारक आहे. भिंतींवर योद्धे, दरबारी, वादक आणि देवादिकांच्या आकृती कोरलेल्या आहेत. बाजारहाटाला निघालेला इंदूरकर त्यांच्यावरून रोज जातो, परंतु थांबून पाहणारा विरळाच.

पुराणे, धर्म आणि वाङ्मय यांवर आधारलेल्या रेखाटनांचा रसास्वाद कसा घ्यावा, या विषयाला आम्ही कृष्णपुऱ्यापासून आरंभ करतो, याचे कारण साधे आहे. पाषाणातील प्रत्येक मूर्ती आधी रेषा असते. शिल्पी छिन्नीला हात घालण्यापूर्वी दगडावर आकृती रेखून घेतो, आणि काम जसजसे पुढे सरकते तसतशी ती रेषा छिन्नीखाली नाहीशी होते. मूर्तीला आपण नमस्कार करतो. जिच्यातून ती जन्मली त्या रेषेची आठवण कोणास राहत नाही. रेखाटन हे त्या विसरल्या गेलेल्या आईसारखे आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात मात्र तिचा मान राखलेला दिसतो. कोणी रंगावर लुब्ध होतात, कोणी अलंकारांवर. परंतु जाणते आचार्य रेषेची प्रशंसा करतात, असा त्या ग्रंथाचा अभिप्राय आहे.

इंदूरशी या रेषेचे नाते आणखी एका कारणाने जडले आहे. 1927 साली दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनी या शहरात चित्रकलेची शाळा स्थापन केली. संस्थानी शहरातल्या त्या लहानशा शाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे, दे. ज. जोशी, विष्णू चिंचाळकर अशी माणसे घडली. बेंद्रे यांचा जन्म 1910 साली इंदुरातच झाला. पुढे बडोद्याच्या विद्यापीठात त्यांनी चित्रकारांची एक पिढी शिकवून तयार केली. चिंचाळकर गुरुजींनी तर वाळलेली पाने, काटक्या, फुटकी भांडी यांतून आकृती शोधण्याचा छंद आयुष्यभर जोपासला. वस्तू तीच, परंतु पाहणारा डोळा निराळा असला की तिच्यातून काय प्रकट होते, हे त्यांनी इंदूरकरांना दाखवून दिले. देवळालीकरांचे नाव आज इंदुरातील एका कलादालनास दिलेले आहे, हे उचितच झाले.

आता आपल्या देवादिकांच्या चित्रांकडे वळू. आज घरोघरी जी लक्ष्मी-सरस्वतीची रूपे पूजिली जातात, त्यांना ते वळण लागून फार काळ लोटलेला नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. जी देवता पूर्वी गाभाऱ्याच्या अंधारात, समईच्या प्रकाशात दिसे, ती चार-आठ आण्यांच्या कागदावर सर्वांच्या ओसरीवर येऊन बसली. महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी पुराणप्रसंगांना महाराष्ट्रीय चेहरेमोहरे व वेशभूषा दिली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः कुंचला हाती धरून रामकथा चित्रांत उतरविली, आणि ते चित्ररामायण 1916 साली ग्रंथरूपाने निघाले. राजाने संस्थानाचा कारभार पाहावा आणि सीतेच्या पदराची चुणीही आपणच रेखावी, असे उदाहरण दुर्मीळ होय.

या परंपरेला गोमंतकाने दिलेले दान आमच्या वाचकांस विशेष अभिमानाचे वाटेल. दीनानाथ दलाल (1916–1971) आणि रघुवीर मुळगावकर (1918–1976) हे दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी 1945 पासून ‘दीपावली’ वार्षिकाच्या रूपाने मराठी घरांत चित्रकलेची मेजवानीच मांडली. मुळगावकरांच्या देवदेवतांनी दिनदर्शिकांतून आणि मुखपृष्ठांतून अनेकांच्या देवघरापर्यंत मजल मारली. लहानपणी आपण ज्या कृष्णाला कृष्ण म्हणून ओळखले, त्याचे डोळे बहुधा यांच्यापैकीच कोणीतरी रेखाटलेले असतात.

परंतु छापखान्याच्याही फार आधीची दोन रेखाटने आपल्याच अंगणात आहेत. पहिले कावीचे. कोंकणात, गोव्यात आणि खाली कारवार-होन्नावरपर्यंत जुन्या देवळांच्या भिंतींवर ही चित्रे आढळतात. चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्यावर तांबडा थर चढवायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने रेखून, खरवडून आतला पांढरा चुना उघडा करायचा, अशी ही रीत. दोनच रंग, तांबडा आणि पांढरा. येथे चूक खोडण्याची सोय नाही. हात एकदा चालला की चालला. होन्नावरचे डॉ. कृष्णानंद कामत यांनी या कलेची छायाचित्रे घेत, तिच्याविषयी लिहीत गावोगाव पायपीट केली, म्हणून तिची नोंद तरी उरली.

दुसरे रेखाटन पिंगुळीच्या चित्रकथीचे. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या या गावी ठाकर समाजाने रामायण-महाभारतातील कथांची चित्रे पिढ्यान्‌पिढ्या जतन केली. एका कथेच्या चित्रसंचास पोथी म्हणतात. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. कथेकरी एकेक पान वर करतो, गातो, सांगतो, आणि पान उलटताच वनवास संपून युद्ध उभे राहते. या परंपरेच्या सेवेबद्दल परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

अशा चित्रांपुढे उभे राहिल्यावर नेमके काय पाहावे? आमच्या अल्प अनुभवातून तीन गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट म्हणजे क्षणाची निवड. कथा वाहत असते, चित्र थांबलेले असते. अशोकवनातील सीता काढायची तर हनुमंताने मुद्रिका टाकण्यापूर्वीची, टाकतानाची की ती ओळखल्यानंतरची? पहिल्या क्षणी शोक आहे, दुसऱ्या क्षणी शंका आणि तिसऱ्या क्षणी आशा. चित्रकाराने कोणता क्षण वेचला, यावरून त्याने ग्रंथ नुसता ऐकला आहे की मनात मुरविला आहे, हे कळते.

दुसरी गोष्ट म्हणजे रेषेचा स्वभाव. कावीतील रेषा ठाम, कारण चुना सुकण्याची घाई असते. पिंगुळीच्या चित्रातील डोळा चेहऱ्याच्या मानाने मोठा, कारण तो दिव्याच्या उजेडात मागे बसलेल्या श्रोत्याला दिसावा लागतो. दलालांची रेषा लवचिक, कारण ती हातात धरून वाचावयाच्या पानासाठी काढलेली आहे. ज्यास आपण घाईने ओबडधोबड म्हणतो, ते पुष्कळदा प्रयोजनातून आलेले असते. चित्र कोणासाठी, कोठे पाहण्यासाठी काढले, हे विचारल्यावाचून त्याचा न्याय करू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे गाळलेला भाग. गोवर्धन उचललेल्या कृष्णाभोवती सारे गोकुळ काढणे शक्य आहे. परंतु एक करंगळी, एक डोंगराची कड आणि वर पाहणारे एक वासरू एवढ्यानेही प्रसंग पूर्ण होतो. उरलेले गोकुळ पाहणाऱ्याच्या मनात असते. पुराणकथा सर्वांस ठाऊक असते, म्हणूनच आपल्या चित्रकाराला थोडक्यात बोलण्याची मुभा आहे. ही मुभा श्रोत्यांच्या बहुश्रुततेने दिलेली आहे. मुलांस कथा सांगणे थांबले तर ही रेखाटनेही मुकी होतील.

येथे एका नाजूक विषयाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. देवळालीकरांच्या शाळेत मकबूल फिदा हुसेन हेही शिकले. जन्म 1915 साली पंढरपुरात, बालपण इंदुरात. मुलपणी पाहिलेल्या रामलीलेची आठवण ते पुढेही सांगत. राममनोहर लोहिया यांच्या सूचनेवरून त्यांनी हैदराबादेत रामायणावर चित्रमाला रंगविली. पुढे 1996 पासून त्यांच्या काही जुन्या देवी-रेखाटनांवरून मोठा वाद पेटला. अनेक भाविकांची मने दुखावली, खटले झाले; 2008 साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते खटले रद्द केले. हुसेन 2006 पासून परदेशीच राहिले आणि 2011 साली लंडन येथे निवर्तले. या प्रकरणाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच म्हणतो की, ज्या रूपापुढे माणूस रोज हात जोडतो त्याच्याविषयीची त्याची वेदना अज्ञानातून आली असे मानणे चूक आहे, आणि प्रत्येक अपरिचित रेषा अवमानासाठीच ओढली गेली असे मानणेही तितकेच चूक आहे. शांतपणे पाहण्याची सवय समाजात रुजली असती, तर दोन्ही पक्षांना एकमेकांशी बोलता तरी आले असते.

पाहण्याची सवय मोडली की काय घडते, याचे दुसरे उदाहरण आम्ही स्वतः पाहिले आहे. एका गावच्या देवळात आम्ही बालपणी प्रदक्षिणा घालताना भिंतीवरील तांबड्या-पांढऱ्या दशावतारांवरून बोट फिरवीत असू. वराहाच्या दाढेवर पृथ्वी कशी तोलली आहे, हे आम्हास प्रथम त्या भिंतीने शिकविले. काही वर्षांनी परत गेलो तो भिंत तैलरंगाने चकचकीत झालेली. जीर्णोद्धार भक्तिभावानेच झाला होता, देणग्याही मनापासून दिलेल्या होत्या. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. त्या भिंतीवर काही आहे हे कोणास दिसलेच नव्हते, इतकेच. त्या दिवशी आम्हीही अपराधी ठरलो, कारण बोट फिरविणाऱ्या आम्ही तिचे एखादे छायाचित्रही कधी घेतले नव्हते.

म्हणून देवस्थानांच्या विश्वस्तांस आणि कुटुंबांतील वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे. भिंतीला रंग देण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत आणि जाणत्या माणसास ती दाखवावीत. कावीवर तैलरंग चढवू नये. चुन्याची भिंत श्वास घेते, तैलरंग तिचा श्वास कोंडतो आणि आतली ओल थर सोडविते. घरातील जुनी रेखाटने कापूर-उदबत्तीच्या धुरापासून व उन्हापासून दूर ठेवावीत, त्यांस चिकटपट्टी लावू नये. मागील बाजूस मऊ शिसपेन्सिलीने चित्रकाराचे नाव, गाव आणि ठाऊक असल्यास साल लिहावे. रद्दी काढण्याच्या दिवशी कागदांचा गठ्ठा एकदा उलगडून पाहावा. यांपैकी कशासही मोठा खर्च नाही.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांचा अलीकडे जीर्णोद्धार झाला आहे. कृष्णाबाईंनी बांधविलेल्या मंदिरात गोपाळ आहे आणि त्यांच्या छत्रीवर त्यांची स्मृती. पाषाणाची काळजी घेण्यास राजवंश होते, आज शासन आहे. कागदावरच्या आणि चुन्यावरच्या रेषेला मात्र आपल्यावाचून कोणी नाही. पुढच्या खेपेस इंदुरास जाणे झाले तर वाचकांनी त्या पुलावर घटकाभर थांबावे, एखादी कोरीव आकृती निवडावी आणि छिन्नीआधीची तिची रेषा कशी असेल, ते मनात रेखून पाहावे. आणि घरी परतल्यावर आपल्या गावच्या देवळाच्या भिंतीकडेही तसेच पाहावे.