जमाखर्च आणि मानपत्र



शिक्षकांच्या कोणत्याही संघटनेची वार्षिक सभा घ्या. तिच्या विषयपत्रिकेवर दोन विषय बहुधा ठरलेले असतात. पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मंजूर करणे हा एक, आणि समाजकार्य करणाऱ्या सभासदांचा गौरव करणे हा दुसरा. पहिला विषय पाच मिनिटांत उरकतो. खजिनदार आकडे वाचतात, मागच्या बाकावरून कोणी ‘मंजूर, मंजूर’ म्हणतो, आणि कागद दप्तरात जातो. दुसऱ्या विषयाला मात्र शाल येते, श्रीफळ येते, पाहुणे येतात, भाषणे होतात. पहिला विषय व्यवहाराचा आणि दुसरा मनाच्या मोठेपणाचा, असे आपण धरून चालतो. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते हेच की, हे दोन विषय मुळात एकच आहेत. ज्या सेवेला जमाखर्चात जागा मिळाली नाही, तिचा खर्च सेवा करणाऱ्याच्या घराने सोसला, आणि पुष्कळदा ती सेवाही फार काळ टिकली नाही, असे महाराष्ट्राचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास सांगतो.

अंकुशनगरच्या श्रोत्यांपुढे जमाखर्चाची गोष्ट काढताना आम्हांस संकोच वाटत नाही. अंबड तालुक्यातील हे गाव सहकारी साखर कारखान्याभोवती उभे राहिले. अंकुशराव टोपे यांचे नाव गावालाही आहे आणि कारखान्यालाही आहे. ताळेबंद म्हणजे काय, हे येथील उसाच्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. टनाला भाव किती, कपात कशाची, हे तो भर सभेत उभा राहून विचारतो. हाच शेतकरी मुलाच्या मास्तरांच्या संघटनेचा ताळेबंद मात्र कधी विचारीत नाही. आणि मास्तरही तो फारसा विचारीत नाहीत. आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालविलेली माणसे. आमचे शिक्षण पावतीपुस्तके भरता भरता झाले. म्हणून इतिहास वाचतानाही आमची नजर आधी जमाखर्चाच्या पानाकडे जाते, एवढे श्रोत्यांनी समजून घ्यावे.

आरंभ पुण्यापासून करू. १८४८ साली जोतीराव फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई त्या शाळेत शिकवू लागल्या, आणि त्या कामाचा त्यांनी मोबदला घेतला नाही. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन गौरव केला. शिक्षकाच्या समाजसेवेचा जाहीर सत्कार म्हणून हा प्रसंग आपल्या इतिहासात मोठा आहे. परंतु पुढचे पान कोणी फारसे वाचून दाखवीत नाही. ह्या शाळा वर्गणीवर आणि देणग्यांवर चालत होत्या. १८५७ च्या उठावानंतर युरोपियनांच्या देणग्या आटल्या आणि शाळांचे हाल सुरू झाले. शाल दिली गेली होती, पण शाळेच्या खर्चाची कायमची तरतूद कोणी केली नव्हती. पुढे १८९७ साली पुण्यात प्लेग आला. रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंनाही त्याने गाठले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने शिक्षकांना पुरस्कार दिले जातात. त्या पुरस्कारांना आम्ही वंदन करतो. परंतु पुरस्काराच्या मागे जमाखर्च कोणाचा, हा प्रश्नही त्याच नावाने विचारला पाहिजे.

त्याच प्लेगने त्याच वर्षी, ९ फेब्रुवारीला, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांना नेले. लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी आणि सत्यशोधक. १८८४ साली त्यांनी गिरणीकामगारांची सभा स्थापन केली. १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुटी मिळू लागली, ती त्यांच्या खटपटीमुळे. सरकारने त्यांना रावबहादुर केले. पण त्या काळच्या सरकारी कागदांत ह्या सभेविषयी एक कोरडे वाक्य आहे. त्याचा आशय असा की, सभेला सभासदांची नोंदवही नाही, निधी नाही आणि नियमही नाहीत. ह्याचा परिणाम पुढे दिसला. लोखंडे गेले आणि त्यांच्यामागे सभाही ओसरली. माणूस केवढाही मोठा असला तरी नोंदवही आणि निधी ह्यांची जागा तो भरून काढू शकत नाही, हे आमच्या चळवळीला तेव्हापासून ठाऊक झाले.

आता शिक्षकांच्याच एका मंडळाकडे वळू. १८८० साली चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले; आगरकर लवकरच येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली. आजीव सभासद म्हणजे आयुष्य वाहिलेले शिक्षक, आणि संस्थेचे मालकही तेच. पुढे त्यांचे वेतन महिना ७५ रुपये ठरले, आणि प्रत्येकाचा ३,००० रुपयांचा आयुष्याचा विमा संस्थेने उतरविला. येथे त्याग आणि तरतूद प्रथमच एका नियमात बसलेली दिसतात.

परंतु लोकसेवेचा प्रश्न उरलाच. ही मंडळी १८८१ पासून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ चालवीत होती, म्हणजे शाळेबाहेरचे काम त्यांना नवे नव्हते. शिक्षकाने बाहेरचे काम किती करावे, बाहेरची मिळकत कोणाची, आणि हद्द कोठे आखायची, ह्यांवर मात्र एकमत होईना. टिळकांचा आग्रह असा की, आजीव सभासदाचा सगळा वेळ संस्थेचा. १८९० साली गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, आणि टिळकांनी आक्षेप घेतला. इतर वाद साचलेले होतेच. त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. हा वाद दोन थोर माणसांच्या स्वभावांचा होता असे सांगण्याची चाल आहे. आम्हांस तो हिशेबाचाही वाटतो. सभासदाची समाजसेवा ही संस्थेची शोभा की संस्थेच्या वेळेची चोरी, हे ठरविण्याचे माप त्यांच्याजवळ नव्हते. आजच्या कित्येक संघटनांजवळही ते नाही.

गोखल्यांनी मात्र ह्यातून काही घेतले, असे पुढील घटनांवरून दिसते. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापला. सभासदाने स्वतःसाठी पैसा मिळवू नये, आणि त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहाची जी तरतूद समाज करील तीत त्याने समाधान मानावे, असे त्या समाजाच्या नियमांत आहे. सेवा आणि सेवकाच्या चुलीचा खर्च ही दोन्ही येथे एकत्र लिहिली गेली. १९०९ साली ना. म. जोशी ह्या समाजात आले. तेही आधी शाळामास्तर होते. त्यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, आणि कामगारांच्या वस्त्यांतून रात्रीचे वर्ग व वाचनालये चालविली. कामगार संघांची नोंदणी व्हावी आणि त्यांना कायद्याचे संरक्षण असावे, असा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात १९२१ साली त्यांनीच मांडला. त्यातून १९२६ चा कामगार संघांचा कायदा आला.

तो कायदा आम्ही वर्षानुवर्षे वापरला, म्हणून त्याविषयी दोन शब्द. संघाचा पैसा कोणत्या बाबींवर खर्च करता येईल ह्याची यादीच त्यात होती. कचेरीचा खर्च, कोर्टाचा खर्च, मृत्यू, म्हातारपण, आजार, अपघात आणि बेकारी ह्यांसाठी सभासदांना मदत, सभासदांचे शिक्षण, नियतकालिक, अशी ती यादी. एकूण कामगारांच्या हिताच्या कार्याला संघाने हातभार लावावा, पण वर्षाचे उत्पन्न आणि वर्षारंभीची शिल्लक मिळून होणाऱ्या रकमेच्या चौथाईपलीकडे जाऊ नये, असेही त्यात होते. दरवर्षी तपासलेला हिशेब निबंधकाकडे पाठवावा लागे. एका माजी शाळामास्तराच्या ठरावातून हे सारे निघाले, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ह्याच जोशींच्या हाताखाली खेडगीकर नावाचा एक तरुण काम करीत होता. १९२९ साली तो हैदराबाद संस्थानात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आला. संन्यास घेऊन तो स्वामी रामानंद तीर्थ झाला, आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्याने शिकविले. अशा रीतीने पुण्यातील त्या वादाचे धागे आपल्या मराठवाड्यापर्यंत येऊन पोचतात. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू. सभा भरवावयाची तर आधी परवानगी हवी. मराठी शाळा लोकांच्या वर्गणीवर तग धरून होत्या. संस्थानातील महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली भरले ते परतूरला, म्हणजे आजच्या आपल्याच जालना जिल्ह्यात. १९३८ साली स्वामीजी शाळा सोडून लढ्यात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या त्या काळात वर्गावरून उठून तुरुंगात गेलेले शिक्षक काही थोडे नव्हते, आणि त्यांच्या घरची चूल कोणी पेटती ठेवली हे कोणत्याही मानपत्रात लिहिलेले नाही.

स्वातंत्र्य आले, आणि गौरवाची व्यवस्था झाली. १९५८ पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार सुरू झाले. १९६२ पासून ५ सप्टेंबर हा शिक्षक दिन झाला, आणि त्याच वर्षी शिक्षक कल्याणाचा राष्ट्रीय निधीही निघाला. परंतु केवळ गौरवावर पोट भरत नाही. १९७७ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी व शिक्षक संपावर गेले. तो संप ५४ दिवस चालला. खासगी शाळांतील शिक्षकांच्या नोकरीला कायद्याचा आधार मिळाला तो १९७७ च्या अधिनियमाने आणि १९८१ च्या नियमावलीने. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, शिक्षक हा औद्योगिक कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नव्हे. शिकविणे हे एक उदात्त कार्य आहे. शिक्षकांच्या तक्रारींसाठी वेगळी यंत्रणा असावी, हेही न्यायालयाने म्हटले होते, हे सांगितले नाही तर अन्याय होईल. तरीपण उदात्त ह्या शब्दाची किंमत शिक्षकाला कशी मोजावी लागते, ते येथे दिसले.

उलट बाजूने, समाज शिक्षकाकडून किती सेवा मागतो ते पाहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नये असे म्हटले, पण जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका वगळून. २०२० साली कोरोना आला तेव्हा घरोघरच्या पाहणीला आणि नाक्यांवरच्या तपासणीला शिक्षकच उभे राहिले. आणि ह्या आपल्या कारखान्याच्या परिसरात हंगाम सुरू झाला की, ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या पडतात, आणि मुले शाळेच्या पटावरून नाहीशी होतात. त्या मुलांना हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून तांड्यावर जाऊन आईबापांची मनधरणी करणारा शिक्षक कोणाच्या हुकमाने तेथे जात नाही. गाडीला तेल मात्र तो स्वतःच्या खिशातून घालतो. आम्ही एका सभेत पाहिले आहे की, ज्या मास्तरांचा सत्कार झाला त्यांनी सत्काराला येण्याचे एस. टी.चे भाडे स्वतः भरले होते, आणि तीन वर्षे रात्रीच्या वर्गाचे रॉकेलही स्वतःच घातले होते. मानपत्रात त्यांच्या त्यागाचे वर्णन फार सुरेख होते.

मग करावयाचे काय? समजा, एखाद्या तालुका संघटनेचे ४०० सभासद आहेत आणि वर्गणी महिना २० रुपये आहे. वर्षाला ९६,००० रुपये झाले. त्याची चौथाई म्हणजे २४,००० रुपये. एवढी रक्कम ‘सभासदांची समाजसेवा’ ह्या नावाने वेगळी लिहा, आणि तीत हारतुऱ्यांचा खर्च धरू नका. प्रवासखर्च, वह्यापुस्तके, अपघाताचा विमा आणि अडलेल्या कुटुंबाला मदत, असे पोटभाग पाडा. एक नोंदवही ठेवा: कोणी, कोठे, किती दिवस, काय काम केले आणि खिशातून किती गेले. सत्कार कोणाचा करावयाचा ते ह्या वहीवरून ठरवा. म्हणजे पुढाऱ्याच्या ओळखीची गरज उरणार नाही. सरकारी कामाचे दिवस वेगळ्या रकान्यात मांडा, म्हणजे मागणीपत्र लिहिताना ते हाताशी राहतील. १९६६ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व युनेस्को यांच्या शिफारशीने शिक्षकांच्या सार्वजनिक जीवनातील सहभागाला उत्तेजन द्यावे असे सांगितले. ते उत्तेजन प्रत्यक्षात येईल ते अशा वहीनेच.

कोणी म्हणेल, सेवेचा हिशेब ठेवला की सेवेचे पावित्र्य जाते. आम्हांस तसे वाटत नाही. हिशेब नसला की गरीब सभासद सेवेतून हळूच बाहेर पडतो, आणि ज्याच्या घरी खाऊनपिऊन उरते तोच तेवढा समाजसेवक म्हणून उरतो. शिक्षणसेवकाच्या तुटपुंज्या मानधनावर किंवा विनाअनुदानित तुकडीवर काम करणाऱ्या तरुण शिक्षकाला सेवा करण्याचा अधिकार टिकवावयाचा असेल, तर त्याचे भाडे संघटनेने दिले पाहिजे.

येथील गावकरी बंधूंनाही आमची एक विनंती आहे. पुढच्या वेळी शिक्षकांच्या सत्काराला आपणांस बोलावतील तेव्हा जरूर जा, टाळ्याही वाजवा. मग खजिनदारांना शांतपणे विचारा की, ह्या मास्तरांच्या कामासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात किती रक्कम धरली आहे. कारखान्याच्या सभेत हा प्रश्न विचारण्याची आपणांस सवय आहेच.