बिंदू चौक

बिंदू चौक : कोल्हापूर शहरातील एक ऐतिहासिक चौक. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) व डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या पुतळ्यांमुळे तो विशेष प्रसिद्ध आहे. हे पुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने उभारण्यात आले. आंबेडकर त्या वेळी हयात असून भारताचे विधिमंत्री होते. त्यांचा हा देशातील पहिला पुतळा मानला जातो.

स्थान व नाव : जुने कोल्हापूर तटबंदीच्या आत वसलेले होते. तटाला ठिकठिकाणी वेशी होत्या. त्यांपैकी रविवार वेशीच्या परिसरात हा चौक आहे. तटबंदीचा अवशिष्ट भाग व उपकारागृह चौकालगतच आहेत. १९४२ च्या आंदोलनात गोळीबारात बळी पडलेल्या बिंदू नारायण कुलकर्णी या कोवळ्या वयाच्या हुतात्म्याचे नाव चौकास देण्यात आले. हुतात्म्यांच्या स्मरणार्थ येथे स्तंभही आहे.

पार्श्वभूमी : या स्मारकाची वैचारिक भूमी शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) तयार झाली. त्यांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची शाखा स्थापन झाली. १९१९ च्या सुमारास काढलेल्या हुकमांन्वये दवाखाने, शाळा, पाणवठे इ. सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई करण्यात आली. हुकूम निघाला, तरी रूढी सहजासहजी हटत नसे. राजवाड्याच्या सेवेतील गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या हौदास स्पर्श केला, म्हणून त्यांना सहकाऱ्यांकडून मारहाण झाली होती. महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथे चहा घेऊन तो इतरांनाही घ्यावयास लावला. महाराजांच्या निधनानंतर काही वर्षांतच याच कांबळे यांनी अस्पृश्य समाजाच्या साहाय्याने नर्सरी बागेत त्यांचे स्मारक उभारले. पाण्याच्या हक्कासाठी मार खाल्लेल्या माणसाने राजाचे स्मारक उभारावे, ही घटना कोल्हापूरच्या सामाजिक इतिहासात लक्षणीय ठरते. पुढे याच बागेत बांधलेल्या शाहू समाधी स्मारकाचे लोकार्पण जानेवारी २०२० मध्ये झाले.

आंबेडकरांचा कोल्हापूरशी निकटचा संबंध याच काळात जडला. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या त्यांच्या मूकनायक या पाक्षिकास महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. त्याच वर्षी २१ व २२ मार्च रोजी माणगाव (सांप्रत हातकणंगले तालुका) येथे अस्पृश्यांची परिषद भरली व तिचे अध्यक्षपद आंबेडकरांनी भूषविले. अस्पृश्यांना त्यांच्यातूनच पुढारी लाभला आहे, असा अभिप्राय महाराजांनी या परिषदेत व्यक्त केला. महाराजांचा जन्मदिवस सणासारखा साजरा करावा, असा ठरावही परिषदेने केला [→ शाहू छत्रपती].

पुतळ्यांची उभारणी : समाजसुधारकाचा पुतळा सार्वजनिक जागी उभारणे त्या काळी निर्वेध नव्हते. १९२५ मध्ये केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत फुले यांच्या पुतळ्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यास तीव्र विरोध झाला. याच वादाच्या काळात प्रसिद्ध झालेल्या देशाचे दुश्मन या पुस्तकावरून जेधे, दिनकरराव जवळकर प्रभृतींवर खटला झाला. त्यांच्या अपिलाचे काम आंबेडकरांनी १९२६ मध्ये चालविले व आरोपी निर्दोष सुटले. फुले यांच्याविषयीचा आपला आदर आंबेडकरांनी पुढे हू वेअर द शूद्राज? (१९४६) हा ग्रंथ त्यांना अर्पण करून व्यक्त केला. त्यामुळे हे दोन पुतळे एकाच चौकात असणे औचित्यपूर्ण ठरते.

माधवराव बागल (१८९५–१९८६) हे चित्रकार, पत्रकार व लेखक. त्यांचे वडील खंडेराव बागल हे सत्यशोधक चळवळीतील एक अग्रणी होते. संस्थानी राजवटीत जबाबदार राज्यपद्धतीच्या मागणीसाठी १९३९ मध्ये स्थापन झालेल्या प्रजा परिषदेचे माधवरावांनी नेतृत्व केले व कारावासही भोगला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अंमलात आले. त्याच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, तर अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट व रस्ते यांच्या वापराबाबत जातीच्या कारणावरून निर्बंध घालण्यास मनाई केली. कोल्हापूर संस्थानात राजाच्या हुकमाने मिळालेला हक्क आता नागरिकाचा मूलभूत हक्क बनला होता. त्याच वर्षअखेर संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांचा पुतळा भरवस्तीतील चौकात उभा राहिला. ज्या समाजाला पाणवठा व उपाहारगृह नाकारले जात असे, त्याच समाजातील पुरुषाला शहराच्या मध्यवर्ती सार्वजनिक जागेत मानाचे स्थान मिळाले, हे या स्मारकाचे मुख्य महत्त्व होय. पुतळा सामान्यतः मृत व्यक्तीचा उभारण्याचा प्रघात असताना येथे तो हयात व्यक्तीचा उभारला गेला, हेही उल्लेखनीय आहे. संसदेच्या आवारातील आंबेडकरांचा पुतळा यानंतर सुमारे सोळा वर्षांनी, २ एप्रिल १९६७ रोजी, उभारण्यात आला.

सार्वजनिक जीवनातील स्थान : बिंदू चौक हे कोल्हापुरातील सभा, मोर्चे व निदर्शने यांचे प्रमुख केंद्र आहे. डाव्या व पुरोगामी चळवळींच्या अनेक सभा येथे झाल्या. प्रतिस्पर्ध्याने बिंदू चौकात येऊन जाहीर वाद करावा, असे आव्हान देण्याची येथील राजकारणात प्रथाच पडून गेली आहे. फुले व आंबेडकर यांच्या जयंती-पुण्यतिथीस पुतळ्यांना अभिवादन करण्यासाठी नागरिक येथे जमतात. स्मारक नित्याच्या सार्वजनिक व्यवहारातच नांदत असल्यामुळे, सार्वजनिक स्थळांवरील समान हक्काचा जो आग्रह या दोघांनी धरला, तो या चौकाच्या दैनंदिन वापरातूनही व्यक्त होतो.