गणितातील पदवी शिक्षण (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात बारावीनंतर गणितात पदवी घेण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत : विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातील बी.एस्सी. आणि प्रवेश परीक्षेद्वारे राष्ट्रीय संस्थांमध्ये मिळणारा सिद्धताप्रधान अभ्यासक्रम. अकरावीत गणित सोडल्यास यांतील बहुतेक वाटा बंद होतात.

स्वरूप

शालेय गणितात सूत्र वापरून उत्तर काढण्यावर भर असतो. सिद्धताप्रधान अभ्यासक्रमात व्याख्या, प्रमेय व सिद्धता यांना मध्यवर्ती स्थान असते. √२ चे दशांश रूप काढणे ही आकडेमोड होय. ती संख्या अपरिमेय आहे हे तर्काने दाखवणे ही सिद्धता होय. वास्तव विश्लेषण, अमूर्त बीजगणित व रेषीय बीजगणित हे या अभ्यासक्रमाचे प्रमुख विषय होत.

संलग्न महाविद्यालये

नाशिक जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या (स्थापना १९४९) कार्यक्षेत्रात येतो. संलग्न महाविद्यालयांचा अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवते; त्यामुळे कळवणसारख्या तालुक्यात आणि पुणे शहरात त्याची चौकट सारखीच असते. अध्यापन, ग्रंथालय व सहाध्यायी यांत मात्र फरक पडतो. स्वायत्त महाविद्यालये आपला अभ्यासक्रम स्वतः आखतात. घराजवळ राहून कमी खर्चात शिकता येणे हा स्थानिक महाविद्यालयाचा मोठा लाभ होय.

राष्ट्रीय संस्था

चेन्नई गणितीय संस्था (स्थापना १९८९) व भारतीय सांख्यिकी संस्था (स्थापना १९३१) स्वतःच्या प्रवेश परीक्षा घेतात. या परीक्षांत पर्यायी प्रश्नांबरोबरच युक्तिवाद लिहून दाखवण्याचे प्रश्नही असतात. मुंबईतील मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्रात ‘नेस्ट’ परीक्षेद्वारे, पुण्यातील ‘आयसर’मध्ये (स्थापना २००६) तिच्या अभिक्षमता चाचणीद्वारे, तर आयआयटी मुंबईच्या गणित पदवीला ‘जेईई अॅडव्हान्स्ड’द्वारे प्रवेश मिळतो. ‘आयसर’मध्ये आरंभी सर्व विज्ञानशाखांचा पाया शिकवला जातो. या संस्थांतील अध्यापन इंग्रजीत असते. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना परिभाषेची तयारी वेगळी करावी लागते.

पदवीकाळातील संधी

बारावीनंतर राष्ट्रीय संस्थेत प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांनाही सिद्धताप्रधान गणिताकडे वळता येते. १९९३ साली सुरू झालेल्या ‘एमटीटीएस’ या उन्हाळी प्रशिक्षण शिबिरात निवड झालेल्यांची निवास व भोजनाची सोय विनामूल्य केली जाते. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी माधव गणित स्पर्धाही घेतली जाते. पुढे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षांद्वारे याच संस्थांपैकी अनेकांत प्रवेश मिळू शकतो. त्यामुळे पदवीच्या वर्षांत सिद्धता लिहिण्याचा सराव किती झाला, याला महाविद्यालयाच्या नावाइतकेच महत्त्व असते.