युद्धकालीन रुग्णालये आणि मज्जामानसशास्त्राचे शिक्षण

मेंदूला इजा झालेल्या माणसाची वाचा, स्मृती व विचारशक्ती पूर्ववत् करण्याचे शास्त्र त्याच्या अभ्यासकांनी प्रथम कोठे आत्मसात केले, याचा शोध विद्यापीठांच्या इतिहासात घेऊ गेल्यास हाती फारसे लागत नाही. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये व कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये वाचाघाताचे जे विवेचन केले, त्याचा रोख मुख्यतः मेंदूतील स्थाननिश्चितीकडे होता. रुग्णाला पुन्हा बोलते करण्याच्या विद्येला खरी चालना मिळाली ती दोन महायुद्धांतील रुग्णालयांत.

कुर्ट गोल्डस्टाइन यांनी १९१६ मध्ये फ्रांकफुर्ट येथे मेंदूच्या दुखापतींच्या परिणामांचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली. तेथे रुग्णशुश्रूषेच्या जोडीला मानसशास्त्रीय प्रयोगशाळा, शाळा व कार्यशाळाही होती. वैद्यक, मानसशास्त्र व अध्यापन हे तीन व्यवसाय एकाच रुग्णाभोवती एकत्र आले, हे या संस्थेचे वैशिष्ट्य मानावे लागेल. मानसशास्त्रज्ञ आढेमार गेल्ब हे तेथील त्यांचे सहकारी होते. १९३३ मध्ये गोल्डस्टाइन यांना, ज्यू असल्याकारणाने, जर्मनी सोडावा लागला, आणि अशा परंपरा माणसांच्या आधारानेच जगत असल्यामुळे त्या भूमीत ती खंडित झाली.

दुसऱ्या महायुद्धात असाच प्रयोग रशियात घडला. अलेक्सांद्र लुरिया यांनी उरल पर्वताच्या दक्षिण भागातील किसेगाच या खेड्यात, ४०० खाटांच्या एका आरोग्यधामात, मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांसाठी रुग्णालय उभारले. मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांनीही तेथे काम केले. अभ्यासक्रम नव्हता आणि पदवीही नव्हती. रुग्णाच्या उशाशी बसून चाचणी घ्यावयाची, चूक कोणत्या प्रकारची आहे ते ठरवावयाचे व त्यावरून शिकविण्याचा मार्ग शोधावयाचा, हेच प्रशिक्षण होय. त्या अनुभवातून लुरिया यांचा वाचाघातावरील ग्रंथ १९४७ मध्ये व पुनर्वसनावरील ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

लुरिया यांच्या चाचण्यांतील एक भाषाभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक पाहावी अशी आहे. ‘वडिलांचा भाऊ’ व ‘भावाचे वडील’ या अर्थाचे रशियन शब्दसमूह रुग्णापुढे ठेवले जात. १९४३ मध्ये डोक्यात गोळी लागलेल्या झासेत्स्की या सैनिकाला त्यांतील प्रत्येक शब्द कळत असे, परंतु दोन शब्दांमधील नाते मात्र उलगडत नसे. याच रुग्णाने पुढे पंचवीस वर्षे अतिशय कष्टाने आपल्या अवस्थेची टिपणे लिहिली.

भारतात या विषयाला शिक्षणसंस्थेचा आश्रय मिळाला तो बंगळूर येथे. १९५४ मध्ये तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि पुढील वर्षी वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका आली. १९७४ मध्ये त्या संस्थेतूनच आजची राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था घडली. २००४ मध्ये तिने स्वतःचा मज्जामानसशास्त्रीय चाचणीसंच प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यालाही तेथील शिक्षण उपलब्ध आहे. मात्र परत आल्यावर त्याच्यापुढे येणारा रुग्ण मराठी बोलणारा असतो.

येथे भाषांतर अपुरे पडते. मराठीत ‘वडिलांचा भाऊ’ म्हणताच ‘काका’ हा तयार शब्द पुढे येतो. रुग्णाने तो उच्चारला तर त्याने नाते उलगडले की केवळ सवयीने उत्तर दिले, हे कळत नाही. शिवाय ‘वडील’ या शब्दाच्या आदरार्थी बहुवचनामुळे एकीकडे ‘चा’ व दुसरीकडे ‘चे’ येतो, आणि रुग्णाला न मागताच आधार मिळतो. तेव्हा ज्यांचे लिंग व वचन समान आहे आणि ज्यांच्या नात्याला स्वतंत्र शब्द नाही, अशा जोड्या शोधाव्या लागतात: ‘शिक्षकाचा मित्र’ आणि ‘मित्राचा शिक्षक’ यांसारख्या.