सात बिटांचा मार्ग आणि नागरी अक्षरे

जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनकालीन प्राकृत लेख कोरलेला आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांची गणना त्यात असून 'दखिना', 'दिना' असे शब्द आढळतात. उच्चार 'दक्खिणा', 'दिन्ना' असे असावेत. परंतु द्वित्व झालेले व्यंजन एकेरी लिहिण्याची तत्कालीन ब्राह्मी लेखनाची रीत होती. लेखनात जे गळे ते वाचक भाषेच्या ज्ञानाने भरून काढी. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकावरून मराठी मजकूर धाडू पाहणाऱ्यांपुढे मात्र निराळा प्रश्न उभा राहिला. ई-मेलच्या मार्गात जे गळे, ते भाषाज्ञानाने भरून निघण्यासारखे नव्हते.

ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मेलच्या वहनसंकेतात प्रत्येक चिन्हास सात बिटे, म्हणजे एकूण १२८ चिन्हे, एवढीच मुभा होती. इंग्रजीस ती पुरेशी होती. त्यात जे मावेल ते 'मजकूर' आणि न मावेल ते 'द्विमान' सामग्री, अशी विभागणी त्यातून रूढ झाली. ही विभागणी यंत्राच्या स्वभावातून आलेली नाही, ती एका भाषेच्या सोयीतून आलेली आहे. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकाने रोमी अक्षरे जागच्या जागी ठेवून भारतीय अक्षरांची सोय आठव्या बिटाच्या आधारे केली. साहजिकच वाटेतील एखाद्या यंत्राने आठवे बिट टाकून दिले, की 'जुन्नर' या नावातील सहा चिन्हांच्या जागी अपूर्णविराम, उजवा चौकटी कंस आणि रोमी एफ, एच, एफ, ओ ही अक्षरे उमटत. पत्रात मुळातच रोमी शब्द व आकडे असले, तर खरे कोणते आणि भ्रष्ट कोणते हे ठरविणे दुर्घट होई. छायाचित्राप्रमाणे मराठी पत्रही या मार्गाच्या लेखी मजकूर नव्हतेच!

उपाय एकच होता : मान्य चिन्हांत पुनर्लेखन. १९८० मध्ये बर्कली येथे मेरी ॲन हॉर्टन यांनी यूयूएन्कोड ही आज्ञावली रचली. तिच्यातील काही विरामचिन्हे निराळ्या संकेताच्या यंत्रांवर बदलून जात. जून १९९२ च्या माइम संकेतातील बेस-६४ पद्धतीने म्हणून रोमी अक्षरे, दहा अंक, अधिकचिन्ह व तिरपी रेघ एवढीच चिन्हे घेतली. आठ बिटांची तीन एकके घेऊन त्यांचे सहा बिटांचे चार गट पाडावयाचे आणि प्रत्येक गटास एक चिन्ह द्यावयाचे, अशी ही रीत. आकार तृतीयांशाने वाढतो. इस्कीतील 'जुन्नर' आठ चिन्हांत बसते. 'आंबेगाव' सात एककांचे असल्यामुळे अखेरीस बरोबरीची दोन चिन्हे पुरवणीदाखल लागतात व एकूण बारा होतात.

युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात प्रत्येक नागरी चिन्ह तीन एककांचे आहे. म्हणून बेस-६४ मध्ये 'जुन्नर' २४ आणि 'आंबेगाव' २८ चिन्हांचे होते. 'क' हे अक्षर '४, के, एस, व्ही' असे उतरते. शब्दारंभापासून मोजल्यास यांतील पहिली दोन चिन्हे साऱ्या नागरी अक्षरांना समान असतात. तिसरे केवळ दोन प्रकारचे, चौथे चौसष्ट प्रकारचे. अर्थात नागरीच्या वाट्याला आलेली घरेही १२८ च. (शब्दांतील मोकळी जागा एका एककाची असल्याने पुढे ही मांडणी सरकते.)

१९९३ मध्ये आठ बिटे अखंड वाहून नेण्याची वैकल्पिक तरतूद झाली. पत्ता मात्र रोमीतच लिहावा लागे. तो नागरीत लिहिण्याची मान्यता २०१२ च्या संकेताने आली.