नेलपॉलिशवाला मावळा

2019च्या दिवाळीत परतीचा पाऊस हटता हटत नव्हता. निमगाव केतकीत आमच्या अंगणातला किल्ला दुसऱ्याच रात्री बसला. सकाळी पोतं उचललं तर कच्च्या मातीच्या मावळ्यांचा चिखल झालेला. लहानपणापासून बिस्किटाच्या डब्यात भुशात जपलेली अख्खी फौज गेली. एकच तुतारीवाला वाचला, तोही कमरेपासून वर. ताईने आदल्या वर्षी त्याला बिनरंगी नेलपॉलिश फासलं होतं आणि मी तिला हसलो होतो. तळव्याला लावायचं राहिलं, तिथूनच पाणी शिरलं.

ताईला जे सहज सुचलं, ती आपल्याकडची जुनी विद्या आहे, हे मला पुढे सावंतवाडीचा गंजिफा बघताना कळलं. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. बाबराने 1527 मध्ये सिंधला शाह हसनकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफ्यात 96 पत्ते, तर आपल्या दशावतारी गंजिफ्यात 120 : दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, त्यात एक राजा आणि एक प्रधान. एवढ्याशा गोलात मत्स्य, कूर्म, नरसिंह बसवायचे, आणि तेही खेळणाऱ्यांच्या घामट बोटांत टिकले पाहिजेत. म्हणून आधी चिंचोक्याच्या खळीचं अस्तर, मग रंग, शेवटी लाख. पाठसुद्धा लाखेने झाकायची. आमच्या तुतारीवाल्याचा तळवा राहिला होता, तो असा.

तिकडे इंग्लंडमध्ये 1893 मध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने आतून पोकळ शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली. सैनिक हलके आणि स्वस्त झाले. एच. जी. वेल्सने 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा सैनिकांच्या लढाईचे नियमच लिहून काढले. 1983 मध्ये ‘वॉरहॅमर’ आला. आज जगभर पोरं बोटभर योद्धे रंगवत बसतात, आणि रीत तीच आहे : आधी प्रायमर, मग रंग, वर वार्निश.

लाख पत्ता वाचवते, पण पत्ता रंगवणारा हात वाचवू शकत नाही. छापील पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफा रंगवणारे चितारी उरले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 1970च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या कारागिराकडून ही कला शिकून घेतली, राजवाड्यातच नव्या मुलांना बसवलं, म्हणून ती आज दिसते.

ताई आता सासरी असते. मागच्या दिवाळीला तिचा मुलगा इंदापूरच्या बाजारातून बारा मावळे घेऊन आला. मी नेलपॉलिशची बाटली काढली. त्याने पहिला मावळा उचलला, उलटा केला आणि विचारलं, “मामा, खालूनपण लावायचं ना?”