आकडीतला कोयता

मिटून खिशात ठेवता येणारा चाकू ही मोठी सोयीची वस्तू आहे, पण तिला एक अट असते. आधी खिसा असावा लागतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पेण-रोह्याकडच्या कष्टकऱ्याच्या अंगावर काय असे? कमरेला लंगोटी नाहीतर आखूड धोतर, डोक्याला मुंडासे, आणि पावसात पाठीवर इरले. खिसा आणायचा कुठून? शब्दसुद्धा हेच सांगतात. ‘खिसा’ आपल्याकडे अरबी-फारसीतून आला आणि ‘चाकू’ तुर्कीतून फारसीच्या वाटेने. ‘कोयता’ मात्र याच मातीजवळचा. कानडीत ‘कोय्यु’ म्हणजे कापणे, त्या कुळाशी त्याचे नाते दिसते.

तेव्हा या मुलखातल्या शेतकऱ्याचा खिशातला चाकू पाहायचा असेल तर त्याच्या कमरेमागे पाहावे. तिथे दोरीला बांधलेला लाकडाचा एक लहानसा आकडा असतो, तीच आकडी. तिच्यात कोयता अडकवलेला. पाते पुढून बाकदार, त्यामुळे ते आकडीत नीट बसते आणि चालताना, वाकताना निसटत नाही. दोन्ही हात मोकळे राहतात. झाडावर चढताना, बांधावरून भारा नेताना किंवा गुरे वळताना याची किंमत कळते. वर गेल्यावर हात मागे न्यायचा, न बघता मूठ सापडते. ज्या कोणी पहिल्यांदा ही युक्ती काढली त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण मिटत्या चाकूला बिजागरी लावणाऱ्या कारागिराइतकाच तो हुशार असला पाहिजे.

खिशातला चाकू या भागात नव्हता असे मात्र नाही. तो होता, पण निराळ्या माणसाजवळ. त्याचे नाव कलमतराश. पूर्वी बोरूने लिहीत. बोरूचे टोक तिरपे छाटावे लागे, मध्ये बारीक चीर द्यावी लागे, आणि टोक झिजले की पुन्हा छाटावे लागे. कारकून, कुळकर्णी, शाळेतले पंतोजी, सर्वांना हा लहान चाकू हवाच. शिक्षकमित्रांनी मुलांना जुने मोडी कागद दाखवले तर हेही जरूर सांगावे, की त्या वळणांमागे बोरूइतकाच एक धारदार चाकू आहे. इंग्रजी अमदानीत शेफील्डचे चाकू बाजारात आले आणि कलमतराशाची जागा त्यांनी घेतली. तिसरे हत्यार चंचीतले, म्हणजे अडकित्ता. त्याचे कौतुक पुष्कळ झाले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा देखणा संग्रह आहे, मोर आहेत, घोडे आहेत, नक्षी आहे. कोयत्याला असे भाग्य सहसा लाभत नाही. तो झिजेपर्यंत वापरला जातो, मग संग्रहात ठेवायला उरणार काय?

आता त्याच्या गुणाकडे वळू. स्वस्त वस्तू म्हटली की आपण गृहीत धरतो, ती हलकी असणार. कोयत्याच्या बाबतीत हे खरे नाही. त्याचे कारण लोहाराच्या भात्याशी बसल्यावर समजते. पूर्वी नरम लोखंडाच्या पात्याला धारेपुरते पोलाद जोडीत. पोलाद महाग, म्हणून ते जिथे कापायचे तिथेच. मोटारी आल्यावर लोहारांना नवी खाण सापडली. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगा, ज्यांना गॅरेजवाले पाटे म्हणतात. खड्ड्यांतून हजारो मैल दणके खाऊनही न मोडणारे ते पोलाद. भंगारात गेले म्हणून त्याचा गुण जात नाही.

पण नुसत्या पोलादाने कोयता होत नाही, त्याला पाणी द्यावे लागते. आपण माणसालाही ‘पाणीदार’ म्हणतो, तो शब्द डोळ्यांपुढे ठेवा. पाते घणाखाली घडवून झाले की लोहार ते पुन्हा तापवतो. किती तापवायचे हे तो रंगावरून ठरवतो, म्हणून बहुतेक लोहारांची शाळ अंधारी असते. भर उन्हात तो लाल रंग ओळखू येत नाही. मग फक्त धारेची बाजू पाण्यात. धार एकदम कडक होते, पाठ मात्र गरमच राहते. ती पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे उतरते आणि धारेचा ठिसूळपणा मोडते. या वेळी घासलेल्या जागेवर रंग सरकताना दिसतात, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, निळा. नेमक्या रंगावर पाते पुन्हा थंड करायचे. लवकर थांबवले तर धारेचे टवके उडतात, उशीर झाला तर धार वळते. कोयत्याला खैर, बाभूळ, बांबू तोडायचे असतात, म्हणून त्याची धार विळ्यापेक्षा जाड आणि थोडी नरम ठेवतात. हे गणित कुठल्या पुस्तकातून आले नाही, पण ते गणितच आहे.

आठवड्याच्या बाजारात कोयता घेणारा जाणता माणूस काय करतो ते पाहण्यासारखे असते. बोटाच्या नखाने पाते वाजवतो. खणखणीत वाजले तर आत चीर नाही. डोळ्यासमोर आडवे धरून धार सरळ आहे का बघतो. मूठ हलवून पाहतो, शेंबी घट्ट बसली आहे का ते दाबतो, आणि मग भावाची घासाघीस सुरू करतो. चकाकी तो पाहत नाही. चकाकी कानसेची असते, दोन दिवसांत जाते.

पोलादाचा एक दोष सांगितलाच पाहिजे. ते गंजते. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत तर एका रात्रीत तांबूस होते, आणि कैरी किंवा कोकम कापले की काळे पडते. बाजारातली स्टेनलेस सुरी गंजत नाही, घरात ती सोयीची. पण स्वस्तातली स्टेनलेस सुरी लवकर बोथट होते आणि घरच्या दगडावर तिला धार येता येत नाही. कोयत्याला ओढ्यातला एक गुळगुळीत काळा दगड आणि ओंजळभर पाणी पुरते. वापर झाला की पुसायचा, पावसाळ्यात खोबरेल तेलाचे बोट फिरवायचे. फ्रान्सच्या डोंगराळ साव्हॉय मुलखात 1890 साली जोसेफ ओपिनेल याने शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा साधा मिटता चाकू काढला. जपानातही त्याच सुमारास पत्र्याच्या मुठीचा ‘हिगोनोकामी’ निघाला आणि पुढे शाळकरी पोरे त्यानेच पेन्सिली तासू लागली. दोन्ही अजून विकले जातात. नक्षी नाही, पोलाद चांगले, धार घरी लावता येते. कोयत्याचीच ही भावंडे म्हणायची.

वर्षभर हा कोयता काय काय करतो? पौष-माघात वालाच्या शेंगा भरल्या की पेण, रोहे, अलिबागकडे पोपटी लागते. मडक्यात घालायचा भांबुर्डा तोच छाटून आणतो. कुडाच्या भिंतीची कारवी, कुंपणाची काटी, शहाळे, ताडगोळे, चुलीचे सरपण, सगळे त्याच्या वाट्याला. पण त्याचे मुख्य काम उन्हाळ्यातले, राबाचे. झाडांच्या फांद्या छाटून टहाळ वाळवायचा, भाताचे रोप जिथे करायचे त्या जमिनीवर शेण, टहाळ, गवत, पातेरा आणि वर माती असे थर द्यायचे, आणि पावसाच्या तोंडावर भाजायचे. तणाचे बी जळते, जमीन तापून भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1912 साली या राबावर शास्त्रीय निबंधच प्रसिद्ध केला. आता शेतकी खाते गादीवाफ्यावर रोपे करायला सांगते, आणि राबाची झाडतोड पाहता ते योग्यच आहे. पण शे-दीडशे वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्याच्या मनात हिशेब सरळ होता. टहाळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर भात नाही.

आणि इथेच कोयत्याचा सरकारशी संबंध आला. 1878 हे साल लक्षात ठेवावे. त्या एकाच वर्षी दोन कायदे झाले, एक हत्यारांचा आणि एक जंगलांचा. हत्यारांच्या कायद्यात बंदुका, तलवारी, कट्यारी, भाले, धनुष्यबाणसुद्धा आले. कोयत्याचे नाव त्यात नव्हते, तो शेतकऱ्याच्या कमरेला राहिला. जंगलांच्या कायद्याने मात्र राने राखीव आणि संरक्षित ठरवली, आणि तो कोयता कुठे चालवायचा हे सरकारच्या हाती गेले. हत्यार ठेवून त्याचे काम काढून घेण्याची ही तऱ्हा तलवार जप्त करण्यापेक्षा अधिक जाचक होती, असे माझे मत आहे. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगडातही, राबाच्या टहाळावरून इतकी ओरड झाली की 1885 साली मुंबई सरकारला जंगल कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला.

शेतकऱ्याजवळ निदान वरकस जमिनीतली झाडे तरी होती. कातकऱ्यांजवळ काय होते? खैर तोडायचा, त्याचा लाल गाभा चिपट्या करून उकळायचा आणि कात काढायचा, यावरून तर त्यांचे नाव पडले. राने राखीव झाली आणि तो धंदा बसला. कोयता तोच राहिला, पण तो दुसऱ्यांच्या कोळशाच्या भट्ट्यांसाठी लाकूड तोडू लागला. पेण-रोह्याच्या डोंगरकपारीतल्या वाड्यांचा इतिहास लिहायचा झाला तर बराचसा या एका वाक्यात येईल.

पुढे 1930 साल आले. समुद्राकाठी मिठाचा सत्याग्रह झाला, आणि आतल्या भागात जंगलचा. मीठ उचलायला रिकामे हात पुरत होते. जंगलच्या सत्याग्रहाचा प्रकारच गवत-लाकूड तोडण्याचा, म्हणजे कोयता-कुऱ्हाड घेऊन जायचे आणि ती माणसावर उचलायची नाही. विचार करा, हे किती अवघड आहे. पेणच्या उत्तरेला, आज उरण तालुक्यात असलेल्या चिरनेर गावी 25 सप्टेंबर 1930 रोजी अक्कादेवीच्या टेकडीवर लोक जमले. गोळीबार झाला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्या दिवशी मामलेदारही मारले गेले.

तीन वर्षांनी पेणच्या पश्चिमेला, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. 27 ऑक्टोबर 1933 ते 1939. पुढारी नारायण नागू पाटील. खोताची जमीन कसायची नाही, असे कुळांनी ठरवले. विळे भिंतीला टांगले गेले. मग खायचे काय? रानातला लाकूडफाटा तोडून विकायचा, खाडीत मासे धरायचे. सहा वर्षे चुली पेटत्या राहिल्या त्यात कोयत्याचा वाटा किती होता, ते सांगायला नको. या काळातच, 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले.

स्वातंत्र्यानंतर 1959 साली हत्यारांचा नवा कायदा झाला. केवळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी केलेल्या वस्तू हत्यारांच्या व्याख्येत येत नाहीत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. सिनेमांनी रामपुरी चाकू दाखवून दाखवून पात्याचे नाव बदनाम केले आहे, म्हणून हे माहीत असावे. अर्थात कामाच्या जागी कोयता घेऊन जाणे निराळे आणि जत्रेच्या गर्दीत मिरवणे निराळे. जंगलाचे म्हणाल, तर मुरुड आणि रोहे तालुक्यांत पसरलेले फणसाडचे रान 1986 पासून अभयारण्य आहे, तिथे आता शेकरूचे राज्य. दुसरीकडे 2006 च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांचा जमिनीवर आणि गौण वनउपजावर हक्क मान्य केला. 1878 पासून लोंबकळत पडलेला प्रश्न कागदावर सुटला. वाड्यांवर तो कितपत सुटला हे त्या त्या गावच्या शिक्षकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल.

भाताच्या कापणीला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव’ विळा आला आहे, गवताला यंत्र आले आहे. सदऱ्याला खिसाही आला. तरीही आकडी गेलेली नाही. उघडिपीच्या दिवसांत घिसाड्यांची बिऱ्हाडे रस्त्याकडेला उतरतात, बाई घण घालते, पुरुष सांडशीत पाते धरून फिरवतो. धार गेलेले कोयते घेऊन माणसे समोर उकिडवी बसतात. पाते पुन्हा तापते, ठोकले जाते, त्याला पुन्हा पाणी मिळते. दर खेपेला ते थोडे लहान होते. असे पुष्कळ पावसाळे गेले की कोयत्याची कोयती होते, मग ती आकडीतून उतरते आणि स्वयंपाकघरात नारळ सोलायला जाते.